व्हीलचेअरवरून स्वयंपाक: ओट्याची उंची नंतर, आधी गरम भांड्याचा रस्ता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे गैरसमज नको. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर तुमच्या पत्नी हाताने ढकलायची व्हीलचेअर वापरतात. कमरेखाली संवेदना जवळजवळ नाही. दोन्ही हात चांगले चालतात, त्या उजव्या हाताने काम करतात, पण धड फार वेळ आधाराशिवाय तोलता येत नाही. स्वयंपाकघर आतून २.४ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब आहे, दार एका आखूड भिंतीत आहे. तुम्ही स्वतःही तिथंच उभ्याने स्वयंपाक करता. इंटीरियरच्या माणसाने सुचवलंय की सगळा ओटा ७५० मिमीवर आणायचा आणि खालची सगळी कपाटं काढून टाकायची. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. ओटा खाली घेणं हा या कामातला सगळ्यात उठून दिसणारा भाग, म्हणून जो तो तिथूनच सुरुवात करतो. पण सरसकट ७५०वर आणलेला आणि खालून सगळीकडे मोकळा ओटा तुमच्या घरी काही ठिकाणी धोक्याचा ठरेल आणि काही ठिकाणी नुसती जागा वाया घालवेल.

मी आराखडा करायला बसते तेव्हा उंचीचा प्रश्न बराच नंतर येतो. आधी विचारते ते हे: गरम भांडं शेगडीवरून निघाल्यापासून रिकामं होईपर्यंत कुठून कुठे जातं? उभा माणूस भांडं हातात धरून चार पावलं चालतो. व्हीलचेअर ढकलायला दोन्ही हात चाकांवर लागतात, मग भांडं ठेवायला उरते ती मांडी. ६० अंश सेल्सिअसचं पाणी त्वचेवर सुमारे पाच सेकंद राहिलं तरी खोल भाजतं, आणि उकळतं पाणी तर १०० अंशांचं. संवेदना असलेला माणूस ओरडतो, कपडा ओढून अंगापासून दूर धरतो. संवेदना नसेल तर पाणी कपड्यात मुरतं, बैठकीच्या गादीवर साचून राहतं आणि भाजल्याचं रात्री कपडे बदलताना दिसतं. अशा जखमा भरायला फार वेळ घेतात, कारण माणूस दिवसभर त्याच भागावर बसलेला असतो.

म्हणून नियम एकच धरा. गरम भांडं मांडीवर ठेवायचं नाही आणि मांडीवरून न्यायचंही नाही. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता तुमच्या खोलीकडे येऊ. ओटा साधारण ६०० मिमी खोल असतो. दोन्ही लांब भिंतींना ओटे लावले तर मध्ये १.२ मीटर उरतात. त्यातून खुर्ची पुढे-मागे जाईल, पण वळणार नाही. इंग्रजी यू आकारात तर अडचण आणखी वाढते, आत गेलेल्या माणसाला उलटंच बाहेर यावं लागतं. जागच्या जागी पूर्ण वळायला सुमारे १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. अमेरिकेच्या २०१० सालच्या एडीए मानकांतही (एडीए म्हणजे तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा) यू आकाराच्या स्वयंपाकघरात समोरासमोरच्या ओट्यांमध्ये किमान १,५२५ मिमी अंतर सांगितलंय. तुमच्याकडे एल आकार घेतला, एक लांब भिंत आणि दारासमोरची आखूड भिंत, तर फरशीवर १.८ बाय २.४ मीटर मोकळे राहतात. त्यात वर्तुळ आरामात बसतं. दुसऱ्या लांब भिंतीवर काहीही खोल लावू नका, एखादी १५० मिमीची उथळ फळी फार तर.

दाराकडून आत येताना लांब भिंत डाव्या हाताला आहे असं धरते. या भिंतीवर दारालगत फ्रीज, साधारण ६५० मिमी. त्याला लागून ३५० मिमीचा ओट्याचा तुकडा, फ्रीजमधून काढलेली वस्तू टेकवायला. मग ५०० मिमीचं सिंक, मग ९०० मिमी कामाची जागा, मग कोपरा. कोपऱ्यातून वळून आखूड भिंतीवर ८०० मिमी ओटा, त्याच्या उजवीकडे ६०० मिमीची शेगडी आणि शेवटी ४०० मिमी मोकळा ओटा. बेरीज करून पाहा, दोन्ही भिंतींची मापं बसतात. दार डाव्या ऐवजी उजवीकडून उघडत असेल आणि लांब ओटा उजवीकडे घ्यावा लागला, तर हे आरशातल्यासारखं उलटं करू नका. उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी शेगडी बसण्याच्या जागेच्या उजवीकडेच राहायला हवी, तेवढा भाग नव्याने मांडून घ्या.

या मांडणीत गुडघ्यांसाठी मोकळी जागा कुठे? सिंकखाली, ९०० मिमीच्या कामाच्या जागेखाली, कोपऱ्याखाली आणि शेगडीच्या डावीकडच्या ८०० मिमीखाली, अशी सलग. बाकी ठिकाणी ड्रॉवर. कोपरा खालून मोकळा ठेवला की पाय ठेवायची फळी ओट्याखालून फिरते आणि तुमच्या पत्नी जागेवरून फारसं न हलता सिंककडून शेगडीकडे नव्वद अंशांत वळू शकतात. एरवी कोपरा म्हणजे हात न पोचणारी अडगळ. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तीच घरातली सगळ्यात उपयोगी जागा होते, म्हणून तिथे फिरत्या तबकड्यांचं महागडं कपाट विकायला कोणी आलं तर नको म्हणा.

शेगडीखाली मात्र मी मोकळी जागा ठेवत नाही. यावर या क्षेत्रात मतभेद आहेत. समोरून जवळ जाता येतं, धड वळवावं लागत नाही, असं मोकळी जागा ठेवणारे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण उतू गेलेलं किंवा कलंडलेलं पाणी ओट्याच्या कडेवरून सरळ खाली येतं, आणि खाली मांडी असते. दुसरा पर्याय म्हणजे खुर्ची शेगडीला समांतर लावून कुशीवर वळून ढवळायचं. धड तोलता येत नसेल तर तो त्याहून वाईट, कारण एक हात आधाराला गुंततो आणि माणूस आचेवर झुकतो. मी मधला मार्ग घेते. बसायचं शेगडीच्या शेजारी, गुडघे ओट्याखाली, आणि हात तिरका शेगडीवर. अशा बसण्यात मांडीवर ओट्याचा भक्कम पत्रा किंवा दगड असतो, भांडं बाजूला असतं, आणि उतरवायचं म्हणजे ते फक्त डावीकडे सरकवायचं.

सरकवायचं, उचलायचं नाही. यासाठी शेगडी ओट्यात बुडवून, ओट्याच्या पातळीला बसवा. सिंकही ओट्याच्या खालून लावा, म्हणजे त्याची कड वर येणार नाही. शेगडीपासून सिंकपर्यंत कुठेही जोडाची पट्टी किंवा पातळीतला फरक नको. पाच मिलिमीटरचा उंचवटा उभ्या माणसाला जाणवतही नाही, पण सरकवत आणलेलं भरलं पातेलं तिथंच अडकतं आणि कलंडतं. ओट्याच्या पुढच्या कडेला मात्र बारीक, गोलसर उठाव हवाच, सांडलेलं पाणी मांडीकडे न येता ओट्यावरच अडावं म्हणून. पृष्ठभाग उष्णता सोसणारा घ्या, कारण गरम भांडं आता कुठेही टेकवलं जाणार आहे.

आता उंची. मोजमाप पत्नी स्वतःच्या खुर्चीत, रोजच्या गादीवर, रोजच्या चपला-बुटांत बसलेल्या असताना घ्या. गादी बदलली की उंची बदलते. हवेची गादी आणि फोमची गादी यांत सहज काही सेंटिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे नवी गादी घ्यायचा विचार असेल तर आधी ती घ्या आणि मग सुताराला बोलवा. जमिनीपासून गुडघ्याचा सगळ्यात वरचा भाग, हातांच्या टेकूची उंची, कोपर, डोळे, आणि पायांची बोटं खुर्चीच्या पुढे किती येतात, एवढं लिहून ठेवा. हात किती पोचतो हे रिकाम्या हाताने मोजू नका. एक लिटर पाण्याची बाटली धरून, दुसऱ्या हाताने काहीतरी पकडून मोजा. रिकाम्या हाताची पोच कागदावर छान दिसते, पण भांड्यासकट ती बरीच आखडते. एक माप हमखास विसरलं जातं ते रुंदीचं: खुर्ची ६५० मिमी रुंद असली तरी चाकं ढकलणाऱ्या हातांची बोटं तिच्या बाहेर असतात. दाराच्या चौकटीवर सोलवटली जातात ती हीच.

समजा गुडघा ६३० मिमीवर आहे. त्यावर ४० मिमी मोकळे सोडले की ६७०. एडीएच्या मानकात गुडघ्यांसाठी किमान ६८५ मिमी उंच आणि ७६० मिमी रुंद जागा सांगितली आहे, पण ते सगळ्यांसाठीचं सरसकट माप आहे. घर एका ठरावीक माणसासाठी करतोय तर त्या माणसाचं माप चालतं. ६७०च्या वर ओट्याची आणि त्याखालच्या चौकटीची मिळून ६० मिमी जाडी धरली तर ओटा ७३०वर बसेल. इथपर्यंत तुमच्या इंटीरियरवाल्याचं ७५० बरोबर वाटतं. पण सिंक आलं की गणित अडतं. सिंकच्या भांड्याची खोली गुडघ्यांच्या वरच मावली पाहिजे. नेहमीचं २०० मिमी खोल सिंक घेतलं तर काठ ८८०वर जातो, म्हणजे खांद्यात हात उचलून भांडी घासायची. उथळ, १२० मिमीचं सिंक घेतलं तर ६७० अधिक तळाचे १० अधिक १२०, बरोबर ८००.

आता ओटा ७३० आणि सिंक ८०० केलं तर मध्ये पायरी येते आणि भांडं सरकवायचा सगळा बेत मोडतो. म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा: सलग ओटा ८००वर ठेवा. चिरणं, मळणं, घोटणं अशा जोर लावायच्या कामांना ८०० उंच पडतं, कारण बसलेल्या माणसाचं कोपर साधारण त्याच्या खालीच असतं. त्यासाठी ९०० मिमीच्या कामाच्या जागेखालून बाहेर ओढायची एक जाड फळी द्या, वरची पातळी ७००. पंचवीस मिलिमीटर जाडीची फळी घेतली तरी गुडघे सुटतात. फळीत एक गोल भोक पाडून घ्या, त्यात वाडगं बसतं आणि एका हाताने ढवळलं तरी फिरत नाही. घरात पैसा लावायची जी जी जागा असते त्यात या फळीइतका परतावा क्वचितच मिळतो. फक्त एक पथ्य: फळी मांडीच्या अगदी वर येते, तिच्यावर गरम काहीही ठेवायचं नाही.

तुम्हाला उभ्याने ८०० थोडं कमी पडेल. जाड लाकडी पाट ओट्यावर ठेवून त्यावर चिरा, पाठ वाचेल. बटण दाबून वर-खाली होणारे ओटे मिळतात. दोघं आळीपाळीने काम करत असतील तर ते उत्तम आहेत, पण सगळा ओटा तसा करायची गरज नसते आणि वर सांगितलेली सलग पातळी त्यात तुटते. घेतलाच तर फक्त कामाचा एक तुकडा घ्या, आणि खाली येताना काही लागलं तर आपोआप थांबणारी सुरक्षा पट्टी त्याला आहे याची खात्री करा. खाली संवेदना नसलेले गुडघे आहेत, दाब आला तरी त्यांना कळणार नाही.

बसून स्वयंपाक हे फक्त आजाऱ्याचं लक्षण, असं काही लोकांच्या मनात असतं. म्हणून एक आडवळण. वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात, ज्यावरून आजच्या बांधीव ओट्या-कपाटांची परंपरा सुरू झाली असं मानतात, फिरतं स्टूल होतं आणि खिडकीजवळची कामाची जागा बसून करायच्या कामांना धरून होती. त्या काळी बसणं ही कामाची चांगली पद्धत समजली जाई. पुढे ओटे उंचावत नव्वद सेंटिमीटरपर्यंत गेले आणि स्टूल गायब झालं. ते स्वयंपाकघर साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. पावलं वाचवायला ते अप्रतिम, पण त्यात व्हीलचेअर वळली नसती.

पुन्हा भांड्याच्या रस्त्याकडे. भरणं सोपं करता येतं. सिंकच्या नळाला बाहेर ओढता येणारी लांब नळी असली की पातेलं सिंकशेजारी ओट्यावर ठेवून भरायचं आणि सरकवत न्यायचं. शेगडीवरच पाणी देणारा वेगळा नळ बसवता येतो, पण तो भिंतीवर, आचेपलीकडे असेल तर हात ज्वालेवरून जातो. त्यापेक्षा नळी बरी. खरी अडचण उपसण्याची आहे. पाच लिटर उकळतं पाणी सिंकमध्ये ओतणं हे बसलेल्या माणसाने करायचंच नाही. भांड्याच्या आत बसणारी जाळीची टोपली वापरायची, पदार्थ टोपलीसकट उचलायचा, पाणी तिथंच निवू द्यायचं. मोठ्या एका भांड्याऐवजी लहान दोन. दोन कानांच्या भांड्यांपेक्षा एक लांब दांडा आणि समोर एक कान अशी भांडी सरकवायला सोयीची, पण दांडा ओट्याबाहेर येऊ द्यायचा नाही, खुर्चीचा टेकू त्यालाच अडकतो.

वाढलेलं ताट टेबलापर्यंत न्यायला चाकांची ट्रॉली सुचवली जाते. उभ्या, काठीने चालणाऱ्या माणसाला ती आधार देते. हाताने खुर्ची ढकलणाऱ्याला ती डोकेदुखी होते, कारण ढकलायला तिसरा हात लागतो. खुर्चीला अडकवता येणारा, उंच कडांचा, न घसरणारा ट्रे जास्त कामाचा. त्यावर गार किंवा कोमट गोष्टी. गरम नेणं तुमच्याकडे असू द्या, किंवा टेबलच ओट्याच्या टोकाला लावा.

शेगडी इंडक्शनची घ्या असं मी बहुतेकांना सांगते. ज्वाला नाही, बाही पेटत नाही, भांडं उचललं की ऊर्जा थांबते. पण काच भांड्याच्या उष्णतेने तापलेलीच असते, ती थंड समजून हात टेकवू नये. चकत्या मागे-पुढे नकोत, शेजारी-शेजारी असाव्यात, म्हणजे पुढच्या भांड्यावरून हात मागे न्यावा लागत नाही. नियंत्रणं पुढच्या कडेला. स्पर्शाची बटणं ओल्या बोटांना नीट उत्तर देत नाहीत आणि सांडलेल्या पाण्याने आपोआप चालू-बंद होतात, म्हणून मिळाली तर फिरवायची बटणं निवडा. घरात कोणाच्या शरीरात पेसमेकर असेल तर इंडक्शनपासून किती अंतर ठेवायचं हे डॉक्टरांना आधी विचारा, बसलेल्या माणसाची छाती उभ्या माणसापेक्षा शेगडीच्या जवळ येते. गॅसच ठेवायचा असेल तर बंद करायची मुख्य कळ बसल्या हाताला येईल अशा जागी आणि ज्वालेपासून दूर घ्या.

ओव्हन असेल तर भिंतीत, त्याचं मधलं खण ओट्याच्या पातळीला येईल असा. दार बाजूला उघडणारं. खाली पडणारं दार गुडघ्यांच्या वाटेत येतं आणि गरम भांडं त्यावरून, पर्यायाने मांडीवरून, ओढावं लागतं. दाराखाली ओढायची फळी असावी. मायक्रोवेव्ह ओट्यावर, डोक्याच्या वर कधीही नाही. याला अपवाद नाही.

सिंकखालचा पाइप मागच्या भिंतीकडे घ्या आणि त्यावर उष्णतारोधक आवरण घाला. उकळतं पाणी ओतलं की तो पाइप तापतो आणि नडगी त्याला टेकून राहिली तरी कळत नाही. नळ लांब दांड्याचा, सिंकच्या मागे नव्हे तर बाजूला. गरम पाण्याच्या वाटेवर तापमान मर्यादित ठेवणारा मिश्रक झडप लावा, नळाला ४८-४९ अंशांच्या पुढे पाणी यायला नको. गीझरची टाकी मात्र ६० अंशांच्या आसपासच ठेवा, कमी तापमानाच्या साठ्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात.

साठवणीबद्दल फार लिहीत नाही, कारण तत्त्व एकच: कपाट नको, ड्रॉवर हवा. कपाटात मागची वस्तू काढायला पुढच्या चार काढून मांडीवर ठेवाव्या लागतात. पूर्ण बाहेर येणारा ड्रॉवर वरून दिसतो. हँडल मूठ किंवा बोटं आत जातील असं, गोल गोळीसारखं नाही. वरच्या कपाटांसाठी खाली ओढायची यंत्रणा मिळते, ती बरी आहे, पण वजन पेलताना खांद्यांवर ताण येतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे म्हणजे त्याचे पायही असतात, ते वर्षानुवर्षं रोज खुर्ची ढकलून आधीच झिजत असतात. त्यामुळे रोजचं सगळं खांद्याच्या खाली, जड वस्तू ६०० ते १,००० मिमीच्या पट्ट्यात, आणि वरची कपाटं तुमच्या ताब्यात. ओट्याच्या मागच्या भिंतीला लागून १५० मिमी खोल फळी लावा. ६०० मिमी खोल ओट्याचा मागचा भाग बसलेल्या माणसाला तसाही पोचत नाही, फळी तिथल्या वस्तू पुढे आणते. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा नको, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

ड्रॉवरच्या खाली पायांसाठी जी खाच असते ती नेहमी १०० मिमी उंच असते. ती २३० मिमी उंच आणि १५० मिमीपेक्षा खोल करून घ्या. खर्च नगण्य, पण खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळ्या तिच्यात शिरतात आणि वळायची जागा सगळीकडून वाढते.

विजेची बटणं आणि सॉकेट ओट्याच्या मागच्या भिंतीवर असतात, ते बसलेल्या माणसाच्या हाताला येत नाहीत आणि वाकून लावताना हात भांड्यांवरून जातो. दोन सॉकेट ओट्याच्या पुढच्या पट्टीत किंवा बाजूच्या भिंतीवर घ्या, पाण्यापासून जपून, आणि सर्किटला ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक असू द्या. धूर ओढणाऱ्या पंख्याचं बटणही खाली आणा.

उजेडाची एक गोष्ट कोणी सांगत नाही. वरच्या कपाटाखालचे दिवे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली असतात, बसलेल्याच्या डोळ्यांसमोर. बसलेल्याची नजर साधारण १,१०० ते १,२५० मिमीवर येते. त्या दिव्यांना पुढून झाकणारी पट्टी लावा, नाहीतर चिरताना डोळ्यांवर उजेड येतो. शेगडीवर तिरपा आरसा लावून भांड्यात पाहण्याची युक्ती अधूनमधून सुचवली जाते. वाफेने तो दोन मिनिटांत आंधळा होतो. उथळ भांडी आणि काचेची झाकणं वापरा.

फरशी खरबरीत नको आणि चकचकीतही नको, ओली असताना चाक घसरणार नाही एवढी मॅट. पायपुसणी, गालिचा काहीही नाही. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिला असेल तर खुर्ची हळूहळू सरकते. शेगडीपाशी आणि सिंकपाशी जमीन सपाट हवी, आणि गरम भांड्याला हात लावण्याआधी ब्रेक लावायची सवय. दाराचा उंबरा काढून टाका. अगदीच राहणार असेल तर १३ मिमीच्या आत आणि दोन्ही बाजूंनी उतरता. पुढेमागे विजेची खुर्ची आली, तर ओट्यापाशी बसल्यावर ती बंद करायचीच. नियंत्रणाच्या काडीला ओट्याची कड लागली की खुर्ची पुढे उसळते, आणि तिला १.५ मीटरपेक्षा जास्त जागा लागते हेही लक्षात असू द्या.

आगीचा विचार मांडणी करतानाच करायचा. तुमच्या खोलीत शेगडी दारासमोरच्या भिंतीवर ठेवली त्याचं एक कारण हेच: काही पेटलं तर आग समोर आणि दार पाठीमागे, वाट मोकळी. शेगडी दारालगत असती तर आग बाहेर पडायच्या वाटेवरच असती. दोन्ही ब्रेक काढले की खुर्ची सरळ मागे घेता येईल, वाटेत काही ठेवू नका. अग्निशामक सिलिंडर शेगडीपाशी नको, दारापाशी, १,२०० मिमीच्या खाली. आग विझवायची चादर बसल्या जागेवरून भांड्यावर टाकणं अवघड जातं, ती छातीच्या उंचीला असलेल्या ज्वालेवरून न्यावी लागते. तेल पेटलं तर पाणी नाही. आच बंद, आणि जवळ ठेवलेलं मोठं झाकण बाजूने सरकवत भांड्यावर. ते होण्यासारखं नसेल तर खोलीबाहेर पडून दार ओढून घ्यायचं. धुराच्या गजराऐवजी उष्णतेचा गजर लावा, धुराचा रोज वाजतो आणि शेवटी कोणीतरी त्याची बॅटरी काढतं. ठरावीक वेळानंतर शेगडी आपोआप बंद करणारं उपकरण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेता येतं.

अंगावरही थोडं: मांडीवर जाड, पाणी न शोषणारा एप्रन, पातळ सिंथेटिक कपडे नकोत. काही सांडलं, अगदी कोमट वाटलं तरी, कपडा लगेच बाजूला करून त्वचा डोळ्यांनी पाहायची. लाल दिसली तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली आणि मग डॉक्टर. वाट पाहायची नाही, दुखत नाही हा इथे निकष नाही. कण्याची इजा छातीच्या मध्याच्या वर असेल तर भाजण्यासारख्या न कळणाऱ्या त्रासाने रक्तदाब एकदम चढू शकतो. अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर घाम आणि लाली ही त्याची खूण, तेव्हा ताठ बसवून ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यायची. तुमच्या पत्नीच्या इजेची पातळी तुम्ही लिहिली नाही, म्हणून सांगून ठेवते.

खर्च एकदम होणार नसेल तर माझा क्रम असा. आधी शेगडीची जागा आणि तिच्या डावीकडचा मोकळा ओटा. मग सिंक, नळी आणि पाइपचं आवरण. मग ओढायची फळी. ड्रॉवर टप्प्याटप्प्याने. वर-खाली होणारा ओटा आणि खाली ओढायची कपाटं सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा तोवर लक्षात येतं की त्यांची गरज नव्हती.

आणि काहीही फोडण्याआधी पूर्ण मापाचा नमुना करा. फरशीवर चिकटपट्टीने ओटा, फ्रीज आणि दार उघडताना लागणारी जागा आखा. टेबलाखाली विटा लावून उंची ८००ला आणा, त्यावर पुठ्ठ्याची शेगडी आणि प्लास्टिकचं टब सिंक म्हणून ठेवा, खालून ६७०वर दोरी बांधा. पत्नींना त्यात गार पाण्याने भरलेल्या भांड्यासकट एक पूर्ण स्वयंपाक करून पाहू द्या, तोही संध्याकाळी, दमलेल्या असताना. सकाळच्या ताज्या हातांना जे पोचतं ते रात्री पोचत नाही. गुडघा दोरीला लागला, भांडं उचलावं लागलं, ओट्याची कड आधारासाठी पकडावी लागली, अशा प्रत्येक जागी खडूने खूण करा. त्या खुणांचे फोटो आणि वरची सगळी मापं मला पाठवलीत तर सुताराला द्यायचा आराखडा मी तपासून देईन.